इमर्जन्सीत नेलं, सहा तास थांबलो, घरी पाठवलं: मग नेऊन मिळालं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकट्या भावाने रात्री "मला आता जगायचंच नाही" असं सांगितलं. तुम्ही घाबरून त्याला रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात नेलं. तिथे आधी रक्त घेतलं, कार्डिओग्राम काढला, बेल्ट आणि फोन काढून घेतला, दाराशी सुरक्षारक्षक उभा केला. सहा तास बाकावर गेले. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ आले, अर्धा तास बोलले आणि "भरतीची गरज नाही" असं सांगून एक कागद हातात देऊन घरी पाठवलं. आता भाऊ म्हणतो, "परत तिथे नेलंस तर तुझ्याशी बोलणार नाही." आणि तुम्ही विचारता आहात, की नेलं हे चुकलं का, आणि पुन्हा अशी वेळ आली तर न्यावं का.

नेलंत ते बरोबर केलंत. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग इमर्जन्सी विभागातच जातो. तुमच्यासारख्या बहिणी, आया, नवरे तिथे सतत भेटतात. तुमच्या बोलण्यात मला दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. एक, तिथे जे काही केलं त्याला अर्थ होता का. दुसरा तुम्ही उघड विचारलेला नाही, पण प्रत्येक ओळीत जाणवतो: घरी पाठवलं म्हणजे आता त्याला जपायची सगळी जबाबदारी एकट्या माझ्यावर आली का? खरा अवघड प्रश्न हा दुसराच आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हाला त्या रात्री निघण्याआधीच मिळायला हवं होतं.

मी तुमच्या भावाला पाहिलेलं नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. त्याने काही घेतलं होतं का, दारू किंवा इतर नशा होती का, हे पहिल्यांदाच घडतंय की आधीही झालंय, झोप किती दिवस उडाली आहे, घरात कोण कोण आहे, यावर निर्णय पार बदलतो. रात्री मानसोपचारतज्ज्ञ विभागात हजर असतात की बाहेरून बोलवावे लागतात, यावरही बरंच अवलंबून असतं. मर्जीविरुद्ध दाखल करण्याचे कायदे प्रत्येक देशाचे वेगळे. त्यामुळे त्याला घरी पाठवलं ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण तिथे काय आणि कशासाठी केलं जातं, त्यातलं काय गरजेचं आणि काय टाळता येण्याजोगं, हे सांगू शकते.

रक्ततपासणीपासून सुरुवात करते, कारण नातेवाईकांचा पहिला वैताग तिथेच असतो. "त्याचं मन ठिकाणावर नाही आणि हे नाडी बघत बसलेत." पण मनाचा वाटणारा त्रास शरीरातून आलेला असू शकतो, आणि तो ओळखायला उशीर झाला तर जीव जातो. रक्तातली साखर एकदम उतरलेला माणूस ओरडतो, असंबद्ध बोलतो, अंगावर धावून येतो. बोट टोचून मिनिटभरात ते कळतं. लघवीचा संसर्ग झालेल्या किंवा शरीरातलं सोडियम उतरलेल्या वृद्ध माणसाला एका रात्रीत खोलीत माणसं दिसायला लागतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की दोन ते चार दिवसांनी हात थरथरतात, घाम फुटतो, किडे-मुंग्या दिसू लागतात. याला कुणी वेड समजून खोलीत कोंडून ठेवलं तर तो दगावू शकतो. मेंदूला येणारी एक विशिष्ट सूज आहे, जिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या 'एनएमडीए' नावाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांवर, हल्ला करते. तिचं नीट वर्णन झालं ते २००७ साली. त्यातल्या बऱ्याच रुग्णांना, विशेषतः तरुण मुलींना, सुरुवातीला मानसोपचारतज्ज्ञांकडेच नेलं जातं, कारण पहिली लक्षणं भास, संशय आणि विचित्र वागणं अशीच असतात.

मी स्वतः कशावरून सावध होते ते सांगते, म्हणजे घरच्यांनाही ते लक्षात ठेवता येईल. बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आला आहे. माणूस मध्येच नीट बोलतो, मध्येच वार आणि जागासुद्धा विसरतो. ताप आहे, मान आखडली आहे, आकडी येऊन गेली आहे किंवा डोक्याला मार लागला आहे. आवाज ऐकू येण्यापेक्षा डोळ्यांसमोर काहीतरी दिसणं जास्त आहे. आयुष्यात कधीही मानसिक त्रास नसलेल्या माणसाला उतारवयात पहिल्यांदाच असं झालं आहे. यातलं काहीही असेल तर मी आधी शरीराकडे वळते आणि 'मनाचा रुग्ण' हा शिक्का त्याच्या कागदावर बसू देत नाही. असे शिक्के फार चिकट असतात. जुनी फाइल पाहून पुढचा डॉक्टर छातीतल्या दुखण्यालाही 'घाबरलाय' म्हणून मोकळा होतो.

याचा अर्थ प्रत्येकाच्या ढीगभर तपासण्या कराव्यात असा मात्र नाही. अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली स्पष्ट लिहिलं, की मानसिक लक्षणं घेऊन आलेल्या प्रत्येकाची सरसकट रक्ततपासणी करू नये. आधीचा इतिहास आणि अंगावरची तपासणी काय सांगते, त्यावरून ठरवावं. तुमचा भाऊ पूर्ण शुद्धीवर होता, नाडी, ताप, रक्तदाब ठीक होते आणि तो नीट बोलत होता, असं तुम्ही लिहिलं आहे. अशा वेळी रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत मानसोपचारतज्ज्ञांना कळवायचंच नाही, ही पद्धत मला मान्य नाही. रिपोर्ट येत राहतात, तोवर बोलणं सुरू होऊ शकतं. तुमच्या सहा तासांतले काही तास इथेच वाया गेले असावेत. कार्डिओग्राम मात्र मी सहसा काढूनच घेते. शांत करणारी काही औषधं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात, आणि रुग्णाने काही घेतलेलं असून ते लपवलं असेल तर त्याची खूणही तिथे कधी कधी सापडते.

आता बेल्ट, फोन आणि सुरक्षारक्षक. इजा करता येईल अशा वस्तू बाजूला ठेवणं आणि कुणीतरी सतत नजर ठेवणं, हे दोन्ही गरजेचं आहे. इमर्जन्सी विभागात सुया, नळ्या, औषधं हाताशी असतात आणि गर्दीत माणूस निसटणं सोपं असतं. पण हे कसं केलं जातं यावर पुढचं सगळं ठरतं. "आज रात्री तुझा जीव जपणं हे आमचं काम आहे, म्हणून या वस्तू सिस्टर पिशवीत ठेवतील, पिशवीवर तुझं नाव असेल, निघताना परत मिळेल," एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. न सांगता अंगाची झडती घेतली तर ज्याला मुळातच स्वतःची लाज वाटतेय त्याला वाटतं, आपण गुन्हेगार ठरलो. नजर ठेवणारी व्यक्ती गणवेशातला रक्षक असण्यापेक्षा शेजारी खुर्ची टाकून बसलेली नर्स किंवा मदतनीस असावी. फोनच्या बाबतीत मी माणूस पाहून ठरवते. एखाद्याचा फोन म्हणजे त्याच्या मित्राचा आवाज असतो आणि तो काढून घेणं म्हणजे त्याला एकटं पाडणं असतं. दुसऱ्या कुणाला त्याच फोनवर अपमानाचे संदेश येत असतात. चार्जरची वायर मात्र कुणाकडेच ठेवत नाही.

वाट पाहण्याबद्दल मला मनापासून वाटतं ते लिहिते. ते सहा तास म्हणजे उपचाराआधीची मोकळी वेळ नव्हे. उपचार किंवा इजा, दोन्हीपैकी काहीतरी त्यात होतच असतं. झगमगीत दिवे, शेजारच्या पडद्यामागचं विव्हळणं, कुणी काही सांगत नाही, पाणी कुठे मिळेल ठाऊक नाही. धडधाकट माणूसही तिथे तीन तासांत चिडतो. या अडचणीवर काही ठिकाणी वेगळी रचना उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात स्कॉट झेलर या मानसोपचारतज्ज्ञांनी मानसिक संकटातल्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग चालवला. शरीराची तपासणी झाली की रुग्ण तिथे जातो. तिथे आरामखुर्च्या असतात, मोकळं फिरता येतं आणि उपचार लगेच सुरू होतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, इमर्जन्सीत खोळंबून राहण्याचा सरासरी वेळ दोन तासांच्याही आत आला, आणि आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना भरती करावं लागलंच नाही. असा विभाग सगळीकडे होणार नाही. पण एक शांत कोपरा, मंद दिवा, पाणी, आणि दर तासाला "अजून साधारण इतका वेळ लागेल" असं सांगायला येणारी एक व्यक्ती, एवढं कोणत्याही रुग्णालयाला जमण्यासारखं आहे. ते मिळालं नाही तर मागा. मागणं म्हणजे भांडण नव्हे.

तुमचा भाऊ शांत होता. पण पुढे कधी तो किंवा आणखी कुणी बेभान झाला तर काय होईल याची भीती तुम्ही व्यक्त केली आहे, म्हणून त्याबद्दल थोडं. भडकलेल्या माणसाशी बोलून त्याला शांत करण्याची रीत आता शिकवली जाते. २०१२ साली अमेरिकेतल्या इमर्जन्सी मानसोपचारतज्ज्ञांच्या एका गटाने त्याची तत्त्वं एकत्र मांडली आणि मी ती रोज वापरते. दोन हात लांब उभं राहायचं. त्याची दाराकडची वाट अडवायची नाही आणि आपलीही मोकळी ठेवायची. एकानेच बोलायचं, छोट्या वाक्यांत, आणि तेच तेच न कंटाळता पुन्हा सांगायचं. त्याला काय हवंय ते आधी शोधायचं. कित्येकदा ते अगदी साधं असतं: लघवीला जायचंय, आईला फोन करायचाय, गर्दी नकोय. ज्या गोष्टीवर सहमत होता येईल तिथे व्हायचं. "तीन तास कुणी फिरकलं नाही हे खरंच चूक आहे," हे मी प्रामाणिकपणे म्हणते, कारण ते खरं असतं. मग पर्याय द्यायचे: इथे बसणार की आत, गोळी घेणार की इंजेक्शन. नातेवाईकांनी त्या क्षणी "डॉक्टरांसमोर असं वागतोस?" म्हणून दटावू नये. त्याने वणवा पेटतो.

बोलून भागलं नाही तर औषध. इथेही पुरावा आहे, आणि त्यातला काही आपल्या जवळचा आहे. वेल्लोरला २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोनशे बेभान रुग्णांवर दोन उपायांची तुलना झाली. एक नुसतं लोराझेपाम, दुसरा हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन या दोन औषधांची जोडी. दोन्ही उपायांनी बहुतेक जण शांत झाले, जोडीने जास्त लवकर. पुढे ब्राझीलमध्ये नुसतं हॅलोपेरिडॉल विरुद्ध ही जोडी अशी चाचणी झाली. तीत नुसतं हॅलोपेरिडॉल मिळालेल्या काहींची मान आणि जीभ वेदनेने वाकडी होऊ लागली, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. हे सांगण्याचं कारण असं, की इंजेक्शन दिल्यावर मान, डोळे किंवा जीभ वाकडी होत असेल तर लगेच नर्सना सांगा. त्यावर उतारा आहे आणि तो मिनिटांत काम करतो. आधी कोणत्या औषधाचा असा त्रास झाला होता हे ठाऊक असेल तर ते आल्या आल्या सांगा. बांधून ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. तो कमीत कमी वेळ असावा, सतत कुणीतरी शेजारी असावं, आणि माणसाला पालथं दाबून कधीही धरू नये, त्याने श्वास कोंडतो. औषधाचा हेतू माणूस बोलण्याजोगा शांत व्हावा हा असतो. गाढ झोपवून टाकलं तर त्याला काय झालं होतं हे सकाळपर्यंत कुणालाच कळत नाही.

आता त्या अर्ध्या तासाच्या बोलण्याकडे येते. "त्याला सरळ विचारलं, मरायचा विचार किती वेळा येतो, कसं करणार होतास. असं विचारून त्याच्या डोक्यात नको ते घालणार नाही का?" असं तुम्ही लिहिलंय. नाही. या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि विचारल्याने विचार वाढतात असं दिसलेलं नाही. मी पाहते ते उलटच. कुणीतरी न दचकता विचारलं की माणसाचे खांदे खाली येतात. मी पायरीपायरीने जाते. झोपलो आणि उठलोच नाही तर बरं, असं वाटतं का? स्वतःहून जीव द्यावा असं वाटतं का? कसं, हे ठरवलं आहे का? त्यासाठी काही तयारी केली का? आज काय वेगळं झालं? आणि शेवटी, आजवर काय थांबवत आलं? या शेवटच्या उत्तरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण पुढची योजना तिथूनच निघते. रुग्णाशी एकट्याने आणि घरच्यांशीही वेगळं बोलणं हवं. घरच्यांनी एक लक्षात ठेवावं: रुग्णाची गुप्तता जपण्यासाठी डॉक्टर तुम्हाला काही गोष्टी सांगणार नाहीत, पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कसलाही अडसर नाही. "त्याने परवा मित्राला आपली गाडी देऊन टाकली" ही माहिती तुमच्याकडेच असते.

मग भरती का केलं नाही? नातेवाईकांना वाटतं, डॉक्टरांनी धोका मोजला आणि 'कमी' आला. धोका असा मोजता येत नाही. पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून २०१७ साली पाहिलं गेलं, तेव्हा आत्महत्येचं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा किंचितच बरं ठरत होतं. म्हणूनच ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ सालच्या मार्गदर्शिकेत गुणांच्या तक्त्यांवरून पुढचा धोका ठरवू नका आणि कुणाला उपचार द्यायचे, कुणाला नाही हेही त्यावरून ठरवू नका, असं सांगितलं. मी स्वतःला विचारते ते वेगळं असतं. या माणसाला आज रात्री आणि पुढचा आठवडा सुरक्षित राहायला काय लागेल, आणि ते घरी मिळू शकतं का? ज्याचा बेत ठरलेला आहे, जो भासांच्या हुकमाखाली आहे, जो कुठलाही आराखडा करायला तयारच नाही किंवा ज्याच्या घरी कुणीच नाही, त्याला मी ठेवून घेते. बाकीच्यांना कित्येकदा घरी पाठवणंच हिताचं असतं. भरती म्हणजे हमी नव्हे. वॉर्डातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे हे फार नाजूक असतात, हे वारंवार दिसलेलं आहे. म्हणजे घर असो की वॉर्ड, बाहेर पडल्यानंतरचे दिवस कुणीतरी आखून द्यायलाच हवेत.

आणि तुम्हाला मिळालेल्या कागदावर, तुम्ही उतरवलंत त्याप्रमाणे, फक्त 'रुग्णावर लक्ष ठेवा, ओपीडीत दाखवा' एवढंच आहे. हे अपुरं आहे. माझा आक्षेप भरती न करण्यावर नाही, या कागदावर आहे.

त्याऐवजी काय हवं होतं? सुरक्षा आराखडा, म्हणजे विचार परत आले तर काय काय करायचं याची पायरीपायरीने लिहिलेली यादी. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो विकसित केला. वीस-तीस मिनिटांत रुग्णासोबत बसून तो लिहिता येतो. २०१८ साली इमर्जन्सीत आलेल्या १,६४० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीची सेवा, दुसऱ्याला हा आराखडा आणि घरी गेल्यावर फोन. पुढच्या सहा महिन्यांत नेहमीच्या गटात ५.२९ टक्के लोकांनी आत्महत्येकडे जाणारी कृती केली, आराखड्याच्या गटात ३.०३ टक्क्यांनी. इतक्या साध्या गोष्टीसाठी हा फरक मोठा आहे.

हा आराखडा तुम्ही अजूनही करू शकता, शक्यतो पहिल्या भेटीत डॉक्टरांसोबत. तो त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच हाताने लिहिलेला असावा. पहिल्यांदा धोक्याच्या खुणा. 'वाईट वाटतं' असं मोघम नको. 'दोन रात्री झोप नाही, मित्रांचे फोन कापतो, दिवसभर अंथरुणातून उठत नाही' असं नेमकं. मग एकट्याने करता येईल असं काय: थंड पाण्याने तोंड धुणं, चालून येणं, ठरलेली गाणी. मग जिथे चार माणसं असतात अशी जागा किंवा ज्याच्याशी विषय न काढताही बसता येतं असा कुणी. मग ज्यांना सरळ सांगता येईल अशा दोन-तीन जणांची नावं. मग डॉक्टर, हेल्पलाइन आणि इमर्जन्सी यांचे क्रमांक. आणि शेवटी, घरातली साधनं दूर करणं.

या शेवटच्या पायरीवर घरचे बिचकतात. "ठरवलंच तर काहीही करेल," म्हणतात. असं होत नाही. मरण्याची तीव्र ऊर्मी बहुतेकदा काही मिनिटं किंवा काही तास टिकते आणि ओसरते. तेवढा वेळ साधन हाताशी नसेल तर बरेच जण वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने जात नाहीत. तेव्हा घरातल्या सगळ्यांची औषधं कुलपात, त्याची स्वतःची औषधं एका वेळी थोड्याच दिवसांची, कीटकनाशकं घराबाहेर, शस्त्र असेल तर दुसऱ्याच्या ताब्यात. हे चोरून करू नका. त्याला सांगा: "पुढचे काही आठवडे हे माझ्याकडे राहील, तुझी हरकत नाही ना?" मी तर रुग्णाने स्वतःच पिशवी बहिणीच्या हातात द्यावी असं सुचवते.

एक गोष्ट करू नका. "मला वचन दे, असं काही करणार नाहीस." वचनाने कुणी थांबत नाही, पण ज्याचे विचार परत आले तो आता ते तुमच्यापासून लपवतो, कारण त्याने शब्द दिलेला असतो. त्याऐवजी इतकंच ठरवा, की विचार आले तर तो रात्री कितीही वाजता तुम्हाला उठवेल आणि तुम्ही चिडणार नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे संपर्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच ठिकाणी एक अभ्यास झाला. चेन्नई त्यांपैकी एक, शिवाय कोलंबो, ब्राझील, इराण आणि चीनमधली ठिकाणं. आत्महत्येचा प्रयत्न करून इमर्जन्सीत आलेले १,८६७ लोक त्यात होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, उरलेल्यांना त्याशिवाय निघताना तासभर समजावून सांगणं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ साली निकाल आले: नेहमीच्या गटात आत्महत्येने मृत्यू २.२ टक्के, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. त्या फोनवर काही मोठे उपचार नव्हते. कसा आहेस, काही लागतंय का, एवढंच. आमच्या विभागात घरी पाठवलेल्या अशा रुग्णाला तीन दिवसांच्या आत नर्सचा फोन जातो. तुमच्या रुग्णालयातून येत नसेल तर तुम्हीच तिथे फोन करून विचारा, की पुढची भेट कोणत्या तारखेला, कोणत्या डॉक्टरांकडे. 'ओपीडीत दाखवा' ही तारीख नव्हे. आठवड्याच्या आतली मागा.

पुन्हा न्यायची वेळ आली तर काही व्यवहाराच्या गोष्टी. त्याने काहीही घेतलं असल्याचा नुसता संशय आला तरी थांबून पाहू नका. माणूस ठणठणीत दिसत असतानाही आत नुकसान चालू असू शकतं. उलटी करवू नका, रिकामं पाकीट किंवा बाटली सोबत घ्या आणि निघा. बेत ठरवला आहे, निरोपाचं बोलतोय, आवाज त्याला काहीतरी करायला सांगताहेत, बोलणं एकदम असंबद्ध झालंय, किंवा आराखड्यातल्या सगळ्या पायऱ्या करूनही विचार हटत नाहीत, तर सकाळची वाट पाहू नका. दारातल्या नर्सना "जरा टेन्शनमध्ये आहे" असं सांगू नका. "याच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत आणि कसं करायचं तेही ठरवलंय," असं सरळ सांगा. त्या एका वाक्याने रांगेतली तुमची जागा बदलते. औषधांची यादी, जुने कागद आणि एकच शांत माणूस सोबत, बाकीच्यांनी बाहेर थांबावं. आणि निघण्याआधी हे तीन विचारा: पुढची तारीख कोणती, रात्री बिघडलं तर फोन कुणाला, आणि घरात नेमकं काय दूर ठेवायचं.

राहिला भावाचा राग. तो आत्ता शांत आहे, तर आत्ताच बोला. समजूत काढू नका, विचारा: "त्या रात्री तुला सगळ्यात जास्त काय लागलं?" बहुतेक वेळा उत्तर ठोस येतं. झडती, रक्षक, किंवा सगळ्यांसमोर विचारलेले प्रश्न. ते लिहून काढा आणि त्याखाली त्याला काय चाललं असतं ते लिहा: सोबत कोण हवं, कोणतं औषध सोसतं, दार उघडं ठेवायचं का, फोन कुणाकडे द्यायचा. हा कागद पुढच्या वेळी इमर्जन्सीत दाखवता येतो. मी असे कागद वाचते आणि शक्य तितकं पाळते. त्याच वेळी त्याला हेही स्पष्ट सांगा, की जीव धोक्यात दिसला तर तू नको म्हणालास तरी मी नेईन, नंतर तू रागावलास तरी चालेल. हे आधी सांगितलेलं असलं की त्या रात्री नेणं त्याला दगा वाटत नाही.

आणि तुमच्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ही जबाबदारी एकट्या तुमची नाही. सलग जागून कुणालाही लक्ष ठेवता येत नाही. पुढच्या दोन आठवड्यांसाठी आणखी दोन माणसं निवडा, त्यातला एक शक्यतो त्याच्या वयाचा मित्र. त्याला विचारून त्यांना सांगा आणि रात्री वाटून घ्या. ही नावं आणि आराखडा दोन्ही पहिल्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. त्या भेटीला तुम्ही सोबत जा, निदान पहिली दहा मिनिटं आत बसा, आणि मग बाहेर येऊन त्याला एकट्याला बोलू द्या.